फायरप्लेसमधली सोनेरी जोडी: खरंच पंधराव्या लुईच्या काळातली? आणि साफ कशी करू?

लोआरकाठची

नमस्कार मंडळी. मी फ्रान्समध्ये तूर शहराजवळच्या एका गावात राहते. सासूबाईंनी त्यांचं जुनं घर विकायला काढलंय आणि दिवाणखान्यातल्या फायरप्लेसमधली एक जोडी मला देऊ केलीय. इथे त्यांना शने म्हणतात. लाकडाचे ओंडके ज्यांच्यावर टेकवतात त्या लोखंडी घोड्या, आणि त्यांच्या तोंडाशी उभं केलेलं सोनेरी नक्षीकाम.

एका बाजूला वळणदार वेलबुट्टीवर बसलेला गुटगुटीत मुलगा ज्वाळेवर हात शेकतोय, दुसऱ्या बाजूचा मुलगा अंगावरचं कापड गच्च ओढून बसलाय. उंची साधारण हातभर. दोघांना जोडणारी एक सोनेरी आडवी पट्टी आहे, ती सरकवून लांब-आखूड करता येते. मागचं लोखंड गंजलंय. मुलांच्या केसांत, कापडाच्या चुण्यांत काळं साचलंय, पण गुडघ्यांवर आणि गालांवर सोनं अजून झळकतं.

गावातला एक जुन्या वस्तूंचा व्यापारी बघून गेला. "पंधराव्या लुईचा काळ" म्हणाला, म्हणजे अठराव्या शतकातले, आणि त्याच दमात "पण खराब झालेत" असं सांगून रोख पैसे द्यायला निघाला. सासूबाईंना विकायची घाई नाही. मला तर विकायचेच नाहीत, लहान मुलगी त्या शेकणाऱ्या मुलाशी रोज बोलते.

मला तीन गोष्टी कळत नाहीत. हे खरंच तेवढे जुने आहेत का, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? काळं कसं काढायचं? आणि हिवाळ्यात यांच्यावर लाकडं पेटवली तर चालतील का? इथे कोणी या क्षेत्रातलं असेल तर कृपया सांगा.

मुठेकर

वस्तू सुंदर असणार. माझा अनुभव पितळेचा आहे, देव्हाऱ्यातली समई, निरांजनं वगैरे. चिंच, मीठ, थोडी रांगोळीची पूड, मऊ फडकं. दहा मिनिटांत लख्ख. मुळात ते पितळच असेल ना? तेच करून बघा.

ल्यॉनवासी

थोडी भर घालतो. पॅरिसमध्ये रू द मोन्सोवर निस्सीम द कामोंदो संग्रहालय आहे. मोईझ द कामोंदो या बँकरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेलं घर, आत सगळं अठराव्या शतकातलं सामान, आणि ते त्याने आहे तसं देशाला देऊन टाकलं. तिथली खासियत अशी की शने काचेच्या कपाटात नाहीत, ते आपल्या जागेवर, फायरप्लेसमध्ये आहेत. वर आरसा, कठड्यावर घड्याळ, बाजूला मेणबत्त्यांचे सोनेरी हात आणि खाली ही जोडी, असं सगळं एकत्र पाहिलं की समजतं ही वस्तू कशासाठी होती. जुनी आहे की नाही ते मला सांगता येणार नाही.

ऐरण

लोआरकाठची, आधी कळकळीची विनंती: चिंच, लिंबू, व्हिनेगर, पितळ घासायची पावडर, ट्यूबमधलं पॉलिश, यातलं काहीही त्या मुलांच्या जवळ नेऊ नका. मुठेकर, तुमचा उपाय समईसाठी अगदी बरोबर आहे. समई आतून बाहेरून एकच धातू असते, वरचा थर झिजला तरी खाली पितळच निघतं. इथे वर सोनं आहे आणि त्याची जाडी मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकी. रांगोळीच्या पुडीने घासलं की सोनं फडक्यावर येतं आणि ते परत लावायची कुठलीही सोपी वाट नाही.

मी धातूच्या वस्तूंच्या जतनाचं काम करते, सांगलीकडची आहे, आता पॅरिसजवळच्या एका कार्यशाळेत असते. असे शने आमच्याकडे नियमित येतात. त्यातले सगळ्यात केविलवाणे कुठले, तर कोणीतरी प्रेमाने घासून पिवळेधमक केलेले. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सोनं स्वतः काळं पडत नाही. तुम्हाला दिसतंय ती काजळी आहे, जुनं मेण आहे, आणि सोन्याच्या बारीक छिद्रांतून खालच्या तांब्याचे क्षार वर आलेले आहेत. आंबट पदार्थ नेमका त्या छिद्रांतून आत जातो आणि खालचा धातू खातो. तोंडावर दोन दिवस चमक, मग हिरवट डाग. अमोनियाचं पाणी तर अजिबात नको. फ्रान्समधल्या जुन्या गृहोपयोगी पुस्तकांत त्याची शिफारस सापडेल, सासूबाईही सुचवतील. जस्त मिसळलेल्या तांब्याला ताण असेल तिथे अमोनियाने तडे जातात. आणि ज्याला आपण इथे ब्राँझ म्हणतो, त्या अठराव्या शतकातल्या ओतीव कामात जस्त भरपूर असायचं.

करायचं ते एवढंच. मऊ केसांचा ब्रश घेऊन धूळ झाडा. मग डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, कापसाची काडी ओली करून पिळून, एका वेळी नाण्याएवढी जागा. साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसा, लगेच कोरडं करा. लोखंडाला पाणी लागू देऊ नका. काडीवर काळं आलं तर पुढे जा, पिवळं चमकदार दिसायला लागलं तर तिथेच थांबा. चुण्यांतलं सगळं काळं निघालंच पाहिजे असा हट्ट धरू नका.

आता या सोन्याविषयी. ते कसं चढवलं हे कळलं की जुनं-नवं ओळखायची निम्मी किल्ली हाती येते.

अठराव्या शतकात अशी जोडी एका माणसाच्या हातची नसायची. शिल्पकार मेणाचा, मातीचा किंवा लाकडाचा नमुना करायचा. ओतारी तो धातूत ओतायचा. ओतून निघालेली वस्तू ओबडधोबड, सांध्यांचे उंचवटे, वाळूचे खडे. मग ती छिन्नीकाम करणाऱ्याकडे. मुलाच्या केसाची बट न् बट, पानाची शीर, कापडाचा पोत, हे सगळं त्याने थंड धातूवर हातोडी-छिन्नीने उठवायचं. त्यानंतर मुलामा. पॅरिसमध्ये ओतारी आणि मुलामा देणारे यांच्या व्यवसायश्रेणी, म्हणजे कारागीर संघटना, वेगळ्या होत्या, एकाने दुसऱ्याचं काम करायला बंदी. फर्निचर बनवणाऱ्या शार्ल क्रेसाँने स्वतःच्या कार्यशाळेत ब्राँझचं काम करवून घेतलं म्हणून ओताऱ्यांच्या श्रेणीने त्याला कोर्टात खेचलं होतं. १७७६ मध्ये या श्रेणी एकत्र झाल्या.

मुलामा पाऱ्याचा. सोनं पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखा गोळा करायचा. वस्तू आम्लात स्वच्छ करून तिला पाऱ्याच्या नायट्रेटचं पाणी लावायचं आणि तो गोळा तारेच्या ब्रशने पसरवायचा. मग कोळशाच्या आचेवर धरायचं. पारा उडून जातो, सोनं धातूला धरून बसतं. एकदा नाही, हवी ती छटा येईपर्यंत पुन्हा पुन्हा. शेवटी काही भाग अकीक किंवा हेमॅटाइटच्या ओपणीने, म्हणजे गुळगुळीत दगड बसवलेल्या हत्याराने, घासून आरशासारखे करायचे आणि काही भाग मुद्दाम मंद, मखमली ठेवायचे. हा झळाळी आणि मंदपणाचा खेळ म्हणजे त्या कामाचा प्राण आहे. मुलाचं अंग मंद, कापडाची कड झळाळती, आणि फायरप्लेसमध्ये खाली ज्वाळा हलत असल्या की नजर आपोआप त्या कडेवरून फिरते. हे काम दिव्याखाली पाहण्यासाठी केलेलं नाही, विस्तवासाठी केलेलं आहे, आणि ते त्या कारागिरांना पक्कं ठाऊक होतं. पॉलिशने घासल्यावर पहिला जीव जातो तो या मंद भागांचा.

मंद मुलाम्यातला सगळ्यात थोर माणूस पिएर गुतिएर, जन्म १७३२. राणी मारी आंत्वानेतसाठी फोंतेनब्लोच्या राजवाड्यात तुर्की धाटणीची छोटी खोली केली, तिच्या फायरप्लेससाठी त्याने १७७७ मध्ये शने बनवले. त्यांच्यावर बसलेले उंट आहेत. आता लूव्हरमध्ये आहेत, संधी मिळाली तर लेकीला घेऊन नक्की जा. त्याच संग्रहालयात क्वांतँ-क्लोद पितवँची १७७२ सालची जोडीही आहे, एकीकडे सांबर, दुसरीकडे रानडुक्कर, पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द्यु बारी हिच्या फोंतेनब्लोच्या दालनातली. जनावरांच्या अंगावरचा केस बघा, छिन्नीची एकही रेघ आळसावलेली नाही. द्यु बारीकडे गुतिएरचेही खूप पैसे अडकले होते. ती १७९३ मध्ये गिलोटिनवर गेली. गुतिएरचं दिवाळं त्याआधीच, १७८७ मध्ये निघालं होतं, आणि १८१३ मध्ये तो गरिबीत वारला. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहालयाने त्याच्यावर स्वतंत्र प्रदर्शन भरवलं, पुढच्या वर्षी ते पॅरिसला आलं. इतक्या उशिरा का होईना, त्या हातांना मान मिळाला याचा मला फार आनंद आहे.

पाऱ्याची वाफ मात्र खोलीतच राहायची. मुलामा देणाऱ्यांचे हात कापायचे, हिरड्या सुजायच्या, दात पडायचे. आंत्वान-आंद्रे राव्रियो नावाचा ब्राँझ बनवणारा १८१४ मध्ये वारला, त्याने मृत्युपत्रात ३,००० फ्रँक बाजूला ठेवले: मुलामा देणाऱ्यांना पाऱ्यापासून वाचवण्याचा उपाय जो काढेल त्याच्यासाठी. झाँ-पिएर-जोसेफ दार्से या रसायनशास्त्रज्ञाने धुराडं नीट ओढ घेईल अशी भट्टी आखली आणि १८१८ मध्ये विज्ञान अकादमीकडून ते बक्षीस मिळवलं. ज्या माणसाने आयुष्यभर सोनेरी वस्तू विकल्या त्याने जाताना त्या सोन्यामागच्या कारागिरांची आठवण ठेवली, ही गोष्ट मला उंटांच्या जोडीइतकीच मोठी वाटते. १८४० नंतर विजेने सोनं चढवायची रीत आली आणि पारा हळूहळू मागे पडला.

आता तुमचा पहिला प्रश्न. जोडी उलटी करा, टॉर्च घ्या आणि पाठीमागून बघा.

विजेच्या मुलाम्यात अख्खी वस्तू द्रावणात बुडते, म्हणून पाठ, खाचा, आतली पोकळी सगळीकडे सारखं सोनं असतं. पाऱ्याचा मुलामा समोरून दिलेला असतो. पाठ बहुधा तांबूस-तपकिरी, उघडी, आणि कडांवरून मागे सांडलेले सोन्याचे ओघळ, ठिपके. तिसरीही शक्यता आहे. स्वस्तातल्या जोड्यांना सोनं नसायचंच, उजळलेल्या धातूवर सोनेरी छटेचं व्हार्निश असायचं. ते उखडलं की सालपटासारखं दिसतं.

मग स्क्रू आणि नट बघा. हाताने केलेले असतील तर आटे असमान असतात, एकाचा नट दुसऱ्याला बसत नाही. त्यामुळे कारागीर जोडणीच्या जागी कानशीने खुणा करून ठेवायचे, एक रेघ, दोन रेघा, ठिपके.

नक्षीतच कुठेतरी तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान, मुकुटाखाली 'सी' अक्षर असा शिक्का दिसतो का तेही पाहा. १७४५ ते १७४९ या काळात तांबं असलेल्या धातूंवर कर होता, तो भरल्याची ही खूण. आधी बनवलेली वस्तू त्या वर्षांत पुन्हा विकली गेली तरी तिच्यावर हा शिक्का बसायचा, आणि नंतरच्या काळात खोटे शिक्केही मारले गेलेत. तेव्हा शिक्का दिसला तर आनंद माना, पण त्यावर एकट्यावर विसंबू नका. नाही दिसला तरी काही बिघडत नाही. नाव कोरलेले शनेही विरळाच. क्लीव्हलंडच्या संग्रहालयात झाक काफिएरी या ब्राँझ कारागिराची सही आणि १७५२ साल असलेली जोडी आहे, म्हणूनच अभ्यासक तिला इतकं जपतात. फर्निचरवाल्यांना शिक्क्याची सक्ती होती, ब्राँझवाल्यांना नव्हती.

एक गोष्ट मात्र मला खटकतेय. सरकणारी पट्टी एकोणिसाव्या शतकातल्या संचांत सर्रास दिसते, पंधराव्या लुईच्या काळात नाही. त्या शतकात पॅरिसच्या बर्दले, दासों यांच्यासारख्या कार्यशाळा अठराव्या शतकाच्या नमुन्यांवरून उत्तम काम करत होत्या. नक्कल हा शब्द त्यांच्यासाठी मी वापरणार नाही, त्यांचं छिन्नीकाम अव्वल होतं आणि त्यांच्यातले काही पाऱ्याचाच मुलामा देत होते. म्हणजे पाठीवर ओघळ दिसले तरी शतक ठरत नाही. सगळ्या खुणा एकत्र वाचाव्या लागतात. बघून कळवा.

ओपणीवाला

ऐरण, तुम्ही ओपणीचा उल्लेख केलात आणि लिहायला बसलो. आमचं घराणं कोल्हापूरच्या सोनारांचं. आजोबांच्या पिढीपर्यंत देवाच्या टाकांना, मुखवट्यांना पाऱ्याचा मुलामा द्यायचे. रीत हीच: सोनं-पारा खलायचा, चोळायचा, आच द्यायची. परसात, वाऱ्याची दिशा बघून, आणि मुलांना तिकडे फिरकू द्यायचे नाहीत. आजोबांची सही शेवटी शेवटी वाचता यायची नाही इतका हात थरथरायचा. घरात सगळे म्हातारपण म्हणायचे. राव्रियोचं मृत्युपत्र वाचून गळ्याशी आलं. आमच्याकडे अजून त्यांची अकीकाची ओपणी आहे, टोकाला कुत्र्याच्या सुळ्यासारखा बाक. तिकडच्याही अशाच असतात का?

ऐरण

ओपणीवाले, हो, अगदी तोच बाक. माझ्या हत्यारांत दोन आहेत. तुमच्या आजोबांची ओपणी जपून ठेवा, आणि ते कसं धरायचे, काय लावून घासायचे, हे घरात कोणाला आठवत असेल तर लिहून किंवा चित्रित करून ठेवा. फ्रान्समधली रीत दार्सेने १८१८ मध्ये तपशीलवार लिहिली म्हणून आज आम्हाला कळते. आपल्याकडची बरीचशी फक्त हातांत होती.

लोआरकाठची

ऐरण ताई, किती मनापासून लिहिलंत. काल संध्याकाळी नवऱ्याने जोडी उचलून टेबलावर ठेवली आणि आम्ही टॉर्च घेऊन बसलो.

मुलांची पाठ पोकळ आहे, आत तपकिरी, आणि कडेने सोन्याचे ओघळ स्पष्ट दिसतात. बसायच्या जागी खाली एकावर दोन रेघा, दुसऱ्यावर तीन, आणि खालच्या वेलबुट्टीवरही तशाच दोन आणि तीन. अंगावर काटा आला. दोन्हीकडचे नट अदलाबदल करून बघितले, बसत नाहीत. शिक्का कुठेच सापडला नाही.

पण पट्टी वेगळीच आहे. तिची मागची बाजूही पुढच्याइतकीच पिवळी, चारही स्क्रू एकसारखे, कुठलाही कुठेही बसतो. रंगही जरा लिंबासारखा, मुलांचा मधासारखा. आता हे काय समजायचं?

ऐरण

सुरेख पाहिलंत. पट्टी आणि जोडी एका काळातली नाही असंच दिसतंय. एकोणिसाव्या शतकात कोणीतरी जुन्या शनेंना नवी पट्टी बसवून घेतली असावी, तेव्हाच्या घरांत ती पद्धतच होती. खात्री करायची असेल तर पट्टी सोडवा आणि वेलबुट्टीत ती जिथे बसते ती भोकं बघा. भोकाच्या आतल्या कडेवर सोनं असेल तर भोक मुलाम्याआधीचं, म्हणजे जोडी मुळातच पट्टीसाठी बनली. आतली कड उघड्या धातूची असेल, भोवतीचं सोनं चिरल्यासारखं तुटलं असेल, तर भोक नंतर पाडलंय.

भोकं नंतरची निघाली तर मुलं अठराव्या शतकातली असण्याची शक्यता बरीच वाढते. शेवटचा शब्द मी लांबून देणार नाही. लिलावगृहांचे तज्ज्ञ अंदाज फुकट सांगतात, तूरमध्येही ती सोय मिळेल. किमान दोघांना दाखवा, आणि त्यांच्यापुढे नेण्याआधी साफ करू नका. त्यांना काजळीही बघायची असते. एक्स-रे फ्लुरोसन्सचं हातात धरायचं यंत्र असलेली प्रयोगशाळा गाठता आली तर मुलाम्यात पारा उरलाय का हे ओरखडाही न काढता कळतं. व्यापाऱ्याला तोवर नम्रपणे नाही म्हणा. आणि पट्टी कधीच टाकू नका, विकू नका. ती नंतरची असली तरी या जोडीच्या आयुष्याचा भाग आहे, भोकंही तिच्यामुळेच समजतात.

विस्तवाचं: ही वस्तू त्यासाठीच केलेली आहे, पण भार आणि उष्णता लोखंडाने सोसायची अशी तिची रचना आहे. तुमचं लोखंड गंजलंय म्हणालात. वाकलेलं किंवा पापुद्रे सुटलेलं असेल तर त्यावर ओंडके ठेवू नका. साधी लोखंडी जाळी आणून मागे ठेवा, लाकडं तिच्यावर पेटवा, जोडी पुढे उभी करा. ज्वाळा आणि निखारे सोन्याला लागता कामा नयेत. राख रोजच्या रोज काढा, ती ओल धरते आणि क्षारयुक्त असते, पायाशी साचली की धातू खाते. लोखंडावरचा सुटा गंज कोरड्या ब्रशने काढून मेणाचा पातळ हात द्या. धुराडं साफ करून घेतल्याचा दाखलाही घ्या, विमावाले मागतात.

लोआरकाठची

भोकं आत्ताच बघितली ताई. कडा उघड्या आहेत, लालसर, आणि एका ठिकाणी भोक वेलीच्या पानाच्या मधोमध गेलंय. पान अर्धंच उरलंय. नवरा तूरच्या लिलावगृहाला पुढच्या आठवड्यात फोन करतोय. जाळी मात्र उद्याच आणते, गारठा सुरू झालाय.

ऐरण

पान कापून कोणताही कारागीर स्वतःच्या कामात भोक पाडणार नाही. तज्ज्ञांना आधी तेच पान दाखवा. त्याचा जवळून एक फोटो इथेही टाकाल का?